एका वेळी एकच

शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून
माझं टायपिंगचं दुकान.
आज सोमवार, गिरणी बंद,
म्हणून कॉम्प्युटर उघडून बसलेय.
चार स्क्रू वाटीत काढून ठेवलेत,
पाचवा आधीपासूनच नव्हता.

आत पीठ.
पंख्यावर, तारांवर, त्या हिरव्या पट्टीवर
चौदा वर्षांचं ज्वारीचं, गव्हाचं,
दिवाळीच्या तोंडावरचं भाजणीचं.
"एक थालीपीठ निघंल ह्यातनं," इर्शाद मुल्लाणी म्हणाला,
फुंकर मारली आणि स्वतःच शिंकला.

जुनी सिस्टिम कंपनीनं सोडून दिलीय.
रोज सकाळी निळी पाटी येते:
तुमचं यंत्र नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही.
पात्र नाही!
अर्ध्या करवीर तालुक्याची लग्नं यानं लावली,
रक्षाविसर्जनाची वेळ कधी चुकवली नाही,
दूध संस्थेच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलची पत्रकं
एकाच दुपारी काढली,
याची त्याला कळू न देता.

तर आता ती दुसरी घ्यायची, फुकटातली, पेंग्विनवाली.
पण आधी काय?
आधी रॅम वाढवली, नवी डिस्क बसवली,
म्हणजे साडेचार हजार गेले,
आणि हिला माझा प्रिंटरच ओळखता आला नाही तर?
की आहे त्या दोन जीबीत हिलाच आधी आणायची,
आणि ती चार पावलं टाकून
रंकाळ्यावरच्या भाड्याच्या घोड्यासारखी थांबली,
तर दोष घोड्याचा की बसणाऱ्याचा?

पेनड्राइव्हवरून चालवून बघितली.
आली. हळूच, चप्पल दारात काढून,
घरातल्या कशालाही हात न लावता.
मी हुजऱ्यांच्या लग्नाची पत्रिका उघडली.
चि. सौ. कां.च्या जागी
डॉलर, टक्के, उलटं प्रश्नचिन्ह,
कुलदैवताच्या डोक्यावर दोन टिंबं.
"वैनी, तो फॉन्ट मराठी नव्हताच कधी.
इंग्रजी अक्षरंच हुती ती,
नऊवारी नेसून बसल्याली."
चौदा वर्षं मी कुणाला टाइप करत होते?

मग तो रॅमची पट्टी पाकिटातून अर्धी बाहेर काढत म्हणाला,
"एका वेळी एकच बदला.
दोन्ही बदललासा आनि बिघडलं,
तर कशानं बिघडलं कळत न्हाई."

मी हसले. त्याला वाटलं, पटलं.

मला आठवली मार्गशीर्षातली एक जीप,
चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आलेली, मागे कपाट बांधलेलं.
त्या एका दिवसात गाव बदललं, आडनाव बदललं,
नाव तर तांदळात अंगठीनं लिहून बदललं,
भात गेला, भाकरी आली,
आणि महिनाभरात तोंडातलं 'येते'सुद्धा 'येतो' झालं.
सगळं एकदम.
तेवीस वर्षं झाली. काही अडतं, काही झकास चालतं.
कशानं, ते आता कुणाला विचारू?

तेवढ्यात पायरीवर एक जण, डोईला टॉवेल,
हातात पासपोर्ट साइजचा फोटो, कडेनं पाणी लागलेला.
"उद्या सकाळी आठला, पंचगंगेवर. वीस कागद बास."
मी झाकण न लावताच बटण दाबलं.
जुनीच सिस्टिम, कण्हत उठली.
कै. बाळाबाई दत्तू मिठारी, रा. कळंबे.
दोन्ही ळ नीट आले, गोल, पोटभर जेवल्यासारखे.
त्यानं ओळ बोटानं वाचली, मान हलवली,
पैसे विचारायला विसरला, मीही सांगितले नाहीत.

इर्शाद अजून पट्टी धरून उभा.
"आज फक्त पीठ काढ," मी म्हणाले,
"बाकीचं बुधवारी बघतो."

ब्रश फिरवून त्यानं वायर जोडली.
पंखा इतका गप्प फिरला
की मी दोनदा वाकून बघितलं,
चालू आहे ना.